हलगीची सोळा घरं

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती ऐन भरात आली की हलगीची लय चढते आणि वर बसलेल्यांचे पाय आपोआप हलायला लागतात. हलगी, घुमकं, कैताळ. एवढ्यावर अख्खं मैदान तापतं. कॉम्प्युटरवर पहिल्यांदा बीट करायला बसलात की हेच तिघं वेष बदलून भेटतात: घुमक्याच्या जागी किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम), हलगीच्या जागी स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम), कैताळाच्या जागी हाय-हॅट (झांजांची जोडी).

हा योगायोग नाही, आपल्या कानाची सोय आहे. किकचा जोर साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) असतो, स्नेअरचं अंग २०० हर्ट्झच्या आसपास आणि हाय-हॅटची चमक ५००० हर्ट्झच्या वर. एकाच पट्टीत दोन आवाज आले की मोठा लहानाला झाकून टाकतो. तिघांनी जागा वाटून घेतल्या म्हणून तिघंही ऐकू येतात. नवशिके तीन किक एकावर एक चढवतात आणि आवाज का बसला म्हणून डोकं खाजवतात, ते याचमुळे.

आता घरं. सॉफ्टवेअरमध्ये चार ठोक्यांच्या आवर्तनाची १६ घरं दिसतात. मिनिटाला १०० ठोके धरले तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा आणि एक घर १५० चं. किक १ आणि ९ वर, स्नेअर ५ आणि १३ वर, हाय-हॅट एक सोडून एक घरात. झाला बीट. पण मला विचाराल तर केरव्यापासून सुरुवात करा, तो आपल्या अंगात आधीच आहे. धा गे ना ती न क धि ना. आठ मात्रा, प्रत्येकीला दोन घरं. डग्गा घुमतो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला. म्हणजे किक १, ३ आणि १३ वर.

माझा पहिला केरवा मी मंगळवार पेठेतल्या एका हलगीवाल्या काकांना ऐकवला. ते म्हणाले, "वाजतंय कुठं? शिलाई मशीन चालल्यागत टिकटिकतंय नुसतं."

बरोबरच होतं. सगळे ठोके सारख्याच जोराचे आणि घराच्या बरोब्बर सुरुवातीला. जोराचा उपाय सोपा आहे. प्रत्येक ठोक्याला १ ते १२७ असा आकडा देता येतो. सम ११५ वर ठेवून मधली हाय-हॅट ५०-६० वर आणली तरी जीव येतो. वेळेचं प्रकरण जास्त गमतीचं. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्येच 'स्विंग'ची सोय होती: दर दुसरं घर किंचित उशिरा. १०० च्या लयीत स्विंग ५८ टक्के केला, म्हणजे दोन घरांच्या जोडीतला ५८ टक्के वेळ पहिल्याला दिला, तर दुसरं घर २४ मिलिसेकंद उशिरा येतं. एवढ्यानं चाल डुलायला लागते.

मग 'ह्युमनाइझ'चं बटण दाबून ठोके कसेही विस्कटले तर? तिथं फसगत होते. २०११ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी वादकांच्या चुका मोजल्या. त्या १०-२० मिलिसेकंदांच्या होत्या, पण सुट्या नव्हत्या. एका ठोक्याच्या उशिराचा माग पुढच्या कितीतरी ठोक्यांत सापडत होता. ऐकणाऱ्यांनाही आंधळ्या विस्कटण्यापेक्षा अशा धाग्यात ओवलेल्या चुका जास्त आवडल्या.

नंतर काकांना कॉम्प्युटरला जोडलेल्या पॅडवर बोटांनीच केरवा वाजवायला लावला आणि पडद्यावर बघितलं. सातव्या मात्रेचा ठोका दर आवर्तनाला रेघेच्या जरा मागं पडत होता. सगळे ठोके रेघेवर ओढणारं क्वांटाइझचं बटण शेजारीच होतं. काका म्हणाले, "त्याला हात लावू नगंस."