‘स्तो’ लावलं की ‘चालू क्रिया’ झाली?

इटालियन शिकणाऱ्यांत एक समज पक्का रुजलाय: इंग्रजीत ‘आयएनजी’ दिसलं की इटालियनमध्ये ‘स्तारे’ हे क्रियापद (‘स्तो’, ‘स्ता’, ‘स्तावो’ ही त्याचीच रूपं) आणि मुख्य क्रियापदाला ‘-आन्दो/-एन्दो’ हा प्रत्यय, अशी जोडी लावायची. हे खरं नाही.

खिडकीबाहेर पाऊस दिसला की इटालियन माणूस सरळ ‘प्योवे!’ म्हणतो. साधा वर्तमानकाळ, अर्थ मात्र ‘पाऊस पडतोय’. ‘स्ता प्योवेन्दो’ही बरोबरच, पण त्यात ‘अगदी आत्ता’ यावर जोर येतो. रस्त्यात भेटलेल्याला विचारतात, ‘दोवे वाई?’ म्हणजे ‘कुठे चाललास?’

खरी फसगत पुढे आहे. ‘उद्या निघतोय’ आपण बिनदिक्कत म्हणतो. इटालियनमध्ये मात्र ‘दोमानी पार्तो’, ‘स्तो पार्तेन्दो’ नाही. ‘दोन वर्षांपासून इटालियन शिकतोय’ यालाही साधा वर्तमानकाळच लागतो: ‘स्तूदिओ इतालियानो दा दुए आन्नी’.

एका ठिकाणी मात्र मराठी माणसाला मराठीच वाचवते. खुर्चीवर बसलेल्या माणसाबद्दल आपण ‘तो बसतोय’ म्हणत नाही, ‘बसलाय’ म्हणतो. इटालियनही तसंच: ‘ए सेदूतो’. इथे इंग्रजीतल्या ‘इज सिटिंग’मार्गे गेलात की चुकलात.

भूतकाळात ‘जेवत होतो’साठी ‘स्तावो मान्जान्दो’ चालतं, नुसतं ‘मान्जावो’ही चालतं. ‘सोनो स्तातो मान्जान्दो’ मात्र कुठलाच इटालियन म्हणणार नाही.

आणि ‘स्तो पेर मान्जारे’ ऐकलंत तर थांबा: तो अजून जेवायला लागलेला नाही, लागणार आहे.