जुन्या कार्ब्युरेटरचं कूळ ओळखताना

जुनी मोटरसायकल हाती आली की लोक आधी पाना-पेचकस काढतात. माझं सांगणं असतं, आधी कापड घ्या, कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनसाठी हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग, लख्ख पुसा आणि त्याच्या अंगावर काय कोरलंय ते वाचा. तो कोणत्या कुळातला आहे हे कळल्याशिवाय कुठला स्क्रू कुठे फिरवायचा हे ठरवताच येत नाही.

अगदी सुरुवातीला साठवलेल्या पेट्रोलवरून हवा नेली जाई आणि तिच्यासोबत जी वाफ येईल ती इंजिनात जाई. १८९३ मध्ये हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, बारीक छिद्रातून पेट्रोल हवेच्या झोतात फवारलं. आपला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं ते बारीक छिद्र, तिथून आला.

ब्रिटनमध्ये १९२७ साली अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या कार्ब्युरेटरवाल्या कंपन्या एकत्र येऊन अमल झाली. अमलच्या कार्ब्युरेटरचं वय फ्लोटच्या वाटीवरून, म्हणजे पेट्रोल ठरावीक पातळीला साठवणाऱ्या वाटीवरून, बऱ्यापैकी सांगता येतं. वाटी वेगळी, शेजारी जोडलेली असेल तर जुना. त्याच ओतीव अंगात बाजूला असेल तर पन्नासच्या दशकातला मोनोब्लॉक. थेट खाली असेल तर १९६७ मध्ये आलेला कॉन्सेंट्रिक. कॉन्सेंट्रिकवर ६२६ दिसलं तर तोंड २६ मिलिमीटरचं, ९३० म्हणजे ३० चं.

जपानच्या मिकुनी कंपनीने अमलच्याच परवान्यावर कार्ब्युरेटर बनवायला सुरुवात केली, म्हणून व्हीएम मालिका उघडली की स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता तुकडा), निडल (त्याला लटकणारी, पेट्रोल मोजणारी सुई) सगळं ओळखीचं वाटतं. फसगत इथेच होते. अमलच्या स्लाइडवरचा ३ म्हणजे तिच्या कापलेल्या कडेची उंची इंचाचे तीन सोळांश. मिकुनीवरचा आकडा मिलिमीटरचा. अमलच्या मेन जेटवरचा आकडा मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल वाहतं ते सांगतो, तर केहिन या दुसऱ्या जपानी कंपनीचा ११० म्हणजे १.१० मिलिमीटरचं छिद्र. आकडा जुळला म्हणून जेट जुळला असं अजिबात नाही.

मग केबलऐवजी व्हॅक्युमवर, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्यावर, स्लाइड उचलणारे कार्ब्युरेटर आले. हे तत्त्व मोटारींच्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होतं. होंडाने १९६५ च्या सीबी४५० वर ते वापरलं. यात केबल फक्त बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली चकती, फिरवते. स्लाइड उचलणारा रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला की गाडी वर ओढतच नाही, मग कितीही जेट बदला.

मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूची जागा नीट बघावी. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो सहसा हवेचा: आत फिरवला की मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर सहसा पेट्रोलचा: बाहेर फिरवला की रिच.

अमेरिकेत १९७८ च्या मॉडेलपासून मोटरसायकलच्या धुरावर मर्यादा आली. कंपन्यांनी आयडलचं (थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असतानाचं) मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, ठेवलं आणि स्क्रूवर आधी अडवणाऱ्या टोप्या, पुढे पितळी बूच बसवली. त्या काळातली गाडी थ्रॉटल उघडताना अडखळते ती दरवेळी झिजल्यामुळे नव्हे. कित्येकदा ती कारखान्यातूनच तशी आलेली असते. बूच काढलंच तर स्क्रू आधी हलक्या हाताने तळाशी टेकवा आणि किती फेऱ्या लागल्या ते लिहून ठेवा.