लुक्ला विमानतळ

पूर्व नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्यातील एक लहान सार्वजनिक विमानतळ. २००८ पासून त्याचे अधिकृत नाव तेनसिंग-हिलरी विमानतळ असे आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सु. २,८४५ मी. आहे. काही ग्रंथांत २,८६० मी. हा आकडा आढळतो, तो बहुधा लगतच्या गावाचा असावा. मोटाररस्ता जिरीपर्यंतच असताना तेथून लुक्ला गाठण्यास सुमारे आठवडाभर चालावे लागे. त्यामुळे खुंबू भागातील शेर्पा वस्त्यांच्या दळणवळणात या विमानतळाला महत्त्व आले.

ही धावपट्टी एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६४ मध्ये तयार झाली, याबद्दल फारसे दुमत नाही. तिच्या उद्देशाविषयी मात्र दोन मते दिसतात. लोकप्रिय लेखनात ती एव्हरेस्ट मोहिमांसाठी बांधल्याचे म्हटलेले असते. दुसऱ्या मतानुसार शाळा व रुग्णालय यांच्या बांधकामाचे साहित्य पोहोचविणे हा मूळ हेतू होता. कुंडे येथील रुग्णालय १९६६ मध्ये उभे राहिले आणि त्याच सुमारास नेपाळने काही वर्षे गिर्यारोहणास बंदी घातली होती, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सपाट शेतजमीन देण्यास शेतकरी राजी नसल्याने उताराची जागा घ्यावी लागली, असे सांगतात. भुसभुशीत माती दाबण्यासाठी शेर्पांना मद्य पाजून त्यांच्याकडून पाय आपटत नृत्य करवून घेतल्याची कथाही प्रचलित आहे. धावपट्टीचे डांबरीकरण २००१ च्या सुमारास झाले.

धावपट्टीची लांबी ५२७ मी. असून उतार सु. ११.७ टक्के आहे, म्हणजे तिच्या दोन टोकांच्या उंचीत सु. ६० मी. फरक पडतो. नैर्ऋत्य टोकापलीकडे दूधकोसीची दरी व ईशान्य टोकाशी डोंगर असल्याने विमाने चढावर उतरतात आणि उताराच्या दिशेने उड्डाण करतात. विरळ हवेत पंखांना पुरेशी उचल मिळण्यासाठी जमिनीसापेक्ष वेग अधिक ठेवावा लागतो व साहजिकच धाव लांबते. ही उणीव उतार भरून काढतो. अखेरच्या टप्प्यात वैमानिकाला उतरणे रद्द करून पुन्हा वर जाता येत नाही. ट्विन ऑटर, डॉर्नियर २२८ व एल-४१० यांसारखी आखूड धावपट्टीवर चालणारी विमानेच येथे येतात. उतरणे दृश्यमानतेवर अवलंबून असून दुपारनंतर वारा व ढग वाढत असल्याने बहुतेक उड्डाणे सकाळी होतात. ऑक्टोबर २००८ मध्ये धुक्यात एक विमान कोसळून १८ जण मृत्युमुखी पडले. ‘जगातील सर्वांत धोकादायक विमानतळ’ ही बिरुदावली प्रवासवर्णनांतून रूढ झाली आहे, परंतु तिला सर्वमान्य निकष नाही.

काठमांडू विमानतळावरील गर्दीमुळे २०१९ पासून पर्यटन हंगामातील बरीच उड्डाणे रामेछाप जिल्ह्यातील मंथली येथून होतात. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत जाणारे बहुतेक पदयात्री, त्यांत महाराष्ट्रातील अनेक, येथूनच चालू लागतात. पुढच्या वस्त्यांकडे माल हमाल, खेचरे व झोप्क्यो (याक व गाय यांचा संकर) यांच्या पाठीवरून जातो.