भिरंडेल

(मुठेल, कोकम तेल). भिरंड (कोकम; लॅ. गार्सिनिया इंडिका) या फळाच्या बियांतून निघणारी घट्ट चरबी. गोव्यातील घरांत साल सोलांसाठी (वाळवलेली साल, आमसुले) आणि रस आगळासाठी (मीठ घालून टिकवलेला रस) जातो. उरलेल्या बिया उकिरड्यावर न टाकता त्यांचे भिरंडेल करतात.

नाव : भिरंड आणि तेल यांचा संयोग उघड आहे. ‘मुठेल’ हे दक्षिण कोकणातील नाव गोळा मुठीत वळण्यावरून आले, ही व्युत्पत्ती ग्राह्य वाटते. ‘भिरंड’चे मूळ मात्र निश्चित नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात हे फळ ‘ब्रिंदॉइश’ म्हणून येते. ते बहुधा स्थानिक शब्दाचेच पोर्तुगीज रूप असावे. त्यावरून पुढे घडलेले ‘ब्रिंदोनिया’ हे प्रजातिनाम आता मागे पडले आहे. ‘गार्सिनिया’ हे नाव ऑर्तांवरून पडले ही समजूत चुकीची आहे; स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी ते लोराँ गार्सँ या निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून दिले. संस्कृत वैद्यकातील ‘वृक्षाम्ल’ म्हणजे कोकमच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

कृती : फळे एप्रिल-मेमध्ये फोडली जातात, म्हणून बिया पावसाआधी वाळणे महत्त्वाचे. गर चिकटलेल्या बिया ढिगात राहिल्या तर आंबतात, काळवंडतात आणि तेलाला वास येतो. त्यासाठी त्या त्याच दिवशी राखेत चोळून धुतात आणि कडक उन्हात हलवल्यावर खुळखुळेपर्यंत वाळवतात. ओल राहिलेल्या बियांना पावसाळ्यात बुरशी धरते.

वाळलेल्या बिया कुटून टरफले पाखडतात. मगजाचे पीठ, वर चार बोटे पाणी राहील इतक्या पाण्यात मंद आचेवर उकळतात. पाण्यापेक्षा हलकी असल्याने चरबी वर येते आणि भांडे रात्रभर निवले की तिची पापडी धरते. ती काढून पुन्हा वितळवतात, तडतड थांबेपर्यंत तापवून गाळतात. ही पायरी टाळू नये, कारण आत राहिलेल्या पाण्याने आणि पिठाच्या कणांनी भिरंडेल खवट होते. कोमट, दाटसर झाले की मुठीत वळून गोळे करतात. बियांत तेलाचे प्रमाण सुमारे चतुर्थांश असते. घरगुती कृतीत त्याहून बरेच कमी हाती लागते, कारण पुष्कळ चरबी चोथ्यातच राहते.

गुणधर्म व उपयोग : स्टिअरिक व ओलिइक आम्लांचे प्रमाण मोठे असल्याने भिरंडेल सुमारे ४० से.च्या आसपास वितळते. गोव्याच्या उन्हाळ्यातही गोळा सहसा टिकतो. भेगाळलेल्या टाचांना ते किंचित तापवून लावतात. स्वयंपाकातील वापर आता विरळ आहे. यूरोपीय संघाच्या नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोकोखेरीज चालणाऱ्या सहा वनस्पतिज चरबींत कोकमाची चरबी आहे. त्यांची एकत्रित मर्यादा ५ टक्के.

चोथा खत म्हणून झाडांच्या आळ्यात घालतात. आमटीतून काढलेली सोलेही वाया जात नाहीत; त्यांतील आम्लाने तांब्याची भांडी चकचकीत निघतात.