ट्राउटच्या नदीवर माशी बदलण्याआधी हे वाचा
(आमच्याकडून फ्लाय रॉड, रीळ आणि माशांची, म्हणजे गळावर दोरा-पिसे बांधून केलेल्या नकली किड्यांची, डबी भाड्याने किंवा विकत नेणाऱ्यांसाठी)

हिमाचलातल्या तीर्थन नदीवरून (तिथे ट्राउट हा थंड पाण्यातला मासा असतो) परत आलेले बरेच ग्राहक डबी काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "या माशा चालत नाहीत, दुसऱ्या द्या." डबी उघडली की बाराच्या बारा माशा वापरलेल्या दिसतात, पण त्यांचे पंख जसेच्या तसे असतात. म्हणजे ट्राउटने एकीलाही तोंड लावलेले नसते. माशीत खोट असती तर आम्ही आनंदाने बदलून दिली असती. खोट बहुतेक वेळा दोरीत असते, म्हणून हे पत्रक.

पुण्या-मुंबईकडच्या बहुतेकांचा हात धरणावर तयार झालेला असतो. तिथे पाणी उभे असते. पिठाचा गोळा लांब फेकायचा, तो तळाशी बसला की घुंगराकडे लक्ष ठेवायचे. रोहू-कटल्यासाठी ते अगदी योग्य आहे. तीर्थन मात्र उताराची, दगडधोंड्यांची नदी आहे, आणि तिथे ट्राउट तुमच्या आमिषाकडे चालून येत नाही. तो धोंड्याच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि वरून वाहत येणारे किडे टिपतो. किडा पाण्याच्या वेगानेच येणार, हे त्याला पक्के ठाऊक असते.

आता तुम्ही काठावरून पलीकडच्या धोंड्यामागे चाळीस फुटांवर माशी टाकलीत, असे समजा. माशी संथ पाण्यात पडली, पण मधली दोरी जोराच्या धारेवर आडवी पडली. दोन सेकंदांत धार दोरीला ओढते, दोरी माशीला ओढते आणि माशी पाण्यावर रेघ काढत आडवी पळू लागते. याला आम्ही फरफट म्हणतो. फरफटणारी माशी ट्राउट घेत नाही. दोन-तीनदा तेच झाले तर तो धोंड्याखाली जाऊन बसतो. ग्राहकाला वाटते, रंग चुकला. मग माशी कापायची, नवी बांधायची, पुन्हा तिथेच टाकायची. सकाळचे सगळ्यात चांगले दोन तास या गाठी मारण्यात जातात, आणि बरोबरचा वाटाड्याही त्यातच अडकतो.

उपाय साधा आहे. माशी तीच ठेवा, जागा बदला. प्रवाहाच्या खालच्या अंगाने, वाकून, हळू वर सरका. ट्राउटचे तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे मागून आलेला माणूस त्याला उशिरा दिसतो. वीस-पंचवीस फुटांपर्यंत जवळ जा आणि माशी त्याच्या थोडी पुढे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका. दोरी जितकी कमी पाण्यावर, तितकी फरफट कमी. रॉड उंच धरला तर मधली दोरी हवेतच राहते. धार ओलांडून टाकणे भागच असेल, तर दोरी पडताक्षणी मनगटाने तिला वरच्या अंगाला एक वळण द्या. ते वळण सरळ होईपर्यंत माशी मोकळी वाहते. आणि पाण्यात पाय घालण्याआधी काठालगतच्या पट्ट्यात एकदा तरी माशी टाका. जिथे आपण बूट घालून उभे राहतो, तिथेच पुष्कळदा मासा असतो.

डबीत आम्ही फक्त चार प्रकार ठेवतो: तरंगणाऱ्या ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, बुडणाऱ्या फेजंट टेल आणि हेअर्स इअर. गळ १४ आणि १६ नंबरचे. नंबर मोठा तितका गळ लहान, हे विसरू नका. टोकाचा तंगूस (माशी बांधायची नायलॉनची बारीक दोरी) ०.१५ मिलिमीटरचा असतो. तो बारीक वाटतो म्हणून धरणावरचा जाड तंगूस जोडू नका, जाड तंगुसाने लहान माशी ताठरते. पाण्याच्या वर ट्राउट किडे टिपताना दिसत नसेल, तर बुडणारी माशी लावा. ट्राउटचे बरेचसे खाणे पाण्याखालीच होते.

ज्यांना माशीची सवय नाही त्यांना आम्ही २ ते ५ ग्रॅमचे स्पिनर (पाण्यात फिरणारे चकचकीत पात्याचे आमिष) देतो, तिहेरी गळ काढून एकेरी लावलेले. सगळ्या गळांचा उलटा काटा पकडीने दाबूनच देतो. "मग मासा सुटतो की," ही तक्रार आम्ही ऐकून आहोत. दोरी ताणलेली ठेवली तर सहसा सुटत नाही, आणि परत सोडायचा मासा फारशा जखमेविना मोकळा होतो. तोच गळ तुमच्या कानात किंवा बोटात रुतला, तरी सहज निघतो. त्या खोऱ्यात दवाखाना जवळ नसतो. गांडूळ मात्र आम्ही देत नाही. ट्राउट ते खोल गिळतो, गळ घशात अडकतो आणि सोडलेला मासाही सहसा जगत नाही.

कायद्याचे थोडक्यात. हिमाचलच्या ट्राउटच्या पाण्यात रॉड आणि दोरीनेच मासेमारी करता येते, तीही मत्स्यविभागाचा परवाना घेऊन. किती मासे ठेवायचे आणि केवढे, हे परवान्याच्या अटींत असते. ते वाचून घ्या. जाळे, सुरुंग, विष, वीज यांचे नावही नको. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकता येत नाही. मासेमारी त्याच्या खालच्या पट्ट्यात, गुशैनी-बंजारच्या बाजूला चालते. काश्मीरला जाणार असाल तर तिथे नदीचे पट्टे पाडलेले आहेत आणि परवाना त्या-त्या पट्ट्याचा मिळतो, म्हणून आधी पट्टा ठरवा.

१ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटला बंदी असते, कारण ब्राउन ट्राउट त्या दिवसांत वाळू-गोट्यांत खड्डा करून अंडी घालतो. त्यामुळे दिवाळी ऑक्टोबरात आली तर शेवटचे काही दिवस मिळतात, नोव्हेंबरात आली तर आम्ही बुकिंग घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी. मार्च ते जूनची सुरुवात आणि पावसानंतर सप्टेंबर-ऑक्टोबर, हे दिवस चांगले. मधल्या काळात बर्फाचे आणि पावसाचे पाणी गढूळ असते.

हा मासा मूळचा इथला नाही. १९०० च्या सुमारास ब्रिटनहून काश्मीरात आला आणि १९०९ मध्ये कुल्लूच्या खोऱ्यात रुजवला गेला. थंड पाण्याशिवाय तो तगत नाही, म्हणून कोयनेत किंवा मुळशीत ट्राउट का सोडत नाहीत, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच: आपले पाणी त्याला फार गरम पडते. नदीतला ब्राउन ट्राउट हात ओले करून, पाण्यातच धरून, तोंड प्रवाहाकडे ठेवून सोडा. तो स्वतः निसटेपर्यंत हात काढू नका. खायला हवा असेल तर खोऱ्यात रेनबो ट्राउट पाळणारे आहेत, त्यांच्याकडचा ताजा मासा उत्तम लागतो.

रॉड भाड्याने नेणाऱ्यांना निघण्याआधीच्या रविवारी सकाळी दोन तासांचा सराव आम्ही वेगळे पैसे न घेता देतो. गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून, मैदानावर. दोरीला वळण देणे तिथेच हातात बसते. सराव करून गेलेल्यांच्या डबीतली माशी काही कारणाने तुटली, तर परत आल्यावर पहिल्या तीन आम्ही मोफत बदलून देतो. येताना टोपी आणि चष्मा आणा.