विक्रांत कोणती, विराट कोणती?

१९७१ च्या युद्धाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "तेव्हा विराटने चितगाव भाजून काढलं होतं." नाही हो, ती विक्रांत. विराट त्या वेळी भारताकडे नव्हतीच. ती ब्रिटिश नौदलात होती, एचएमएस हर्मीस या नावाने.

घोटाळा होतो यात नवल नाही. दोघी विमानवाहू नौका, दोघींची बांधणी दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सुरू झालेली, दोघींचा निरोप मुंबईतच झालेला. नावंही 'वि'चीच.

विक्रांत मूळची एचएमएस हर्क्युलस. १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, पण महायुद्ध संपलं आणि काम अर्धवट राहिलं. ब्रिटिश नौदलात ती एक दिवसही दाखल झाली नाही. १९५७ मध्ये भारताने तिला विकत घेतलं, बेलफास्टला काम पुरं करून घेतलं आणि ४ मार्च १९६१ ला ती आपल्या नौदलात आली. म्हणजे तिची सगळी नोकरी आपलीच.

१९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत अडकली होती. १९७१ मध्ये चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला. हे दुखणं साधं नव्हतं. तिच्यावरची सी हॉक आणि अलिझे विमानं वाफेच्या कॅटापल्टने, म्हणजे वाफेवर चालणाऱ्या फेकयंत्राने, डेकवरून भिरकावली जात. शिवाय जहाज वाऱ्याला तोंड देऊन वेगात धावलं, तरच उड्डाणाला पुरेसा वारा मिळे. वाफ बॉयलरची आणि वेगही बॉयलरचाच. तरीही तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं, आणि ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं कॉक्स बाजार, चितगाव झोडपून काढलं. मला विचाराल तर आपल्या नौदलाच्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी निर्णयांपैकी एक.

विराटची लढाई वेगळी. १९८२ मध्ये फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. भारतात ती १९८७ मध्ये आली. १९८९ च्या श्रीलंका मोहिमेत तिचा वाटा होता, पण भारतासाठी विक्रांतसारखं युद्ध तिच्या वाट्याला आलं नाही. म्हणून तिला कमी लेखू नये. जवळजवळ तीस वर्षं वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या तिच्यावरच तयार झाल्या.

जुना फोटो ओळखायचा असेल तर डेकचं पुढचं टोक बघा. सपाट टोक आणि सी हॉक दिसली तर विक्रांत. भारतात आलेल्या विराटचं टोक पहिल्यापासून वर उचललेलं, सी हॅरिअर विमानांच्या उड्डाणासाठी. १९८० च्या दशकात विक्रांतलाही तसा उतार बसवला, त्यामुळे त्यानंतरचे फोटो मात्र फसवतात. आणि २०२२ मध्ये कोचीला दाखल झालेली विक्रांत ही तिसरीच, नवी नौका. नाव आणि आर-११ हा क्रमांक तेवढा जुन्या विक्रांतचा.

विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि शेवटी मुंबईतल्याच दारूखाना या जहाजं तोडायच्या भागात तोडली गेली. विराट २०१७ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायचं महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलं होतं. ते झालं नाही, २०२० मध्ये तिला तोडण्यासाठी ओढत गुजरातमधल्या अलंगला नेलं. विक्रांतच्या भंगारातून घडवलेलं स्मारक निदान मुंबईत लायन गेटसमोर आहे. निवतीच्या समुद्रात विराट उभी राहिली असती तर कोकणातली पोरं तिच्या डेकवरून चालली असती, याची हळहळ अजून जात नाही.