पापणीची जादा कातडी: किती कापायची, किती ठेवायची

वय वाढलं की वरच्या पापणीची कातडी सैल पडते, तिची घडी पापणीच्या केसांवर टेकते आणि वरचं व कडेचं दिसणं अडतं. माणूस नकळत भुवया ताणून बघू लागतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचं कपाळ भरून येतं. ही जादा कातडी काढण्याची शस्त्रक्रिया म्हणजे ब्लेफरोप्लास्टी. कातडी कापणं अवघड नाही. किती ठेवायची हे ठरवणं अवघड आहे, आणि हा प्रश्न फार जुना आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, 16व्या अध्यायात, पक्ष्मकोपावरची शस्त्रक्रिया दिली आहे. पक्ष्मकोप म्हणजे पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचणं. आजार वेगळा असला तरी कृती ओळखीची वाटते. रुग्णाला बसवायचं, भुवईखाली दोन भाग सोडायचे, केसांजवळ एक भाग सोडायचा आणि मधला जवाच्या आकाराचा तुकडा काढायचा. मग केसाने शिवून तूप-मध लावायचं, कपाळाला पट्टी बांधून टाके तिला अडकवायचे आणि जखम धरली की टाक्याचे केस काढून घ्यायचे. जवाचा दाणा मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. आजचा सर्जन शाईने आखतो तो आकारही साधारण असाच, कारण टोकं निमुळती नसतील तर शिवताना तिथे कातडीचा फुगवटा राहतो. काय कापायचं याच्याही आधी काय सोडायचं ते या वर्णनात सांगितलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रोममध्ये पहिल्या शतकात वैद्यकावर लिहिणाऱ्या सेल्ससने जास्त कातडी कापण्याच्या चुकीबद्दल बजावलं. कातडी जास्त गेली तर डोळा झाकत नाही, आणि फारच कमी उरली असेल तर त्यावर इलाज नाही, असं त्याने लिहून ठेवलं. बगदादचा नेत्रवैद्य अली इब्न ईसा कातडीची घडी दोन बारीक काड्यांमध्ये आवळून बांधायला सांगे. रक्तपुरवठा तुटून ती वाळायची आणि गळून पडायची.

इथे पुण्याचा संबंध येतो, थोडा वळसा घेऊन. टिपूविरुद्धच्या लढाईत पकडला गेलेला, इंग्रज फौजेतला गाडीवान कावसजी याचं कापलेलं नाक पुण्याजवळ कपाळाच्या कातडीतून नव्याने घडवलं गेलं. ऑक्टोबर 1794च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकिकत चित्रासह छापून आली आणि युरोपात नाक घडवण्याच्या शस्त्रक्रियेने पुन्हा जोर धरला. बर्लिनचा कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे याच परंपरेतला. ‘ब्लेफरोप्लास्टी’ हा शब्द 1818 साली त्याने वापरला, पण तो नष्ट झालेली पापणी नव्याने घडवण्यासाठी. सैल कातडी काढण्याला हे नाव पुढे मिळालं.

विसाव्या शतकात लक्ष चरबीकडे वळलं. पॅरिसमध्ये ज्युलियाँ बूर्जे याने 1924 साली खालच्या पापणीतली चरबी आतल्या बाजूने, बाहेर व्रण न ठेवता काढण्याची पद्धत मांडली. त्याच शहरात सुझान नोएल स्थानिक भूल देऊन शस्त्रक्रिया करत आणि रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठवत. 1951 साली साल्वादोर कास्तान्यारेस यांनी चरबीचे कप्पे नेमके दाखवले: वर दोन, खाली तीन. वरच्या पापणीत बाहेरच्या कोपऱ्याला चरबीचा कप्पा नसतो, तिथे अश्रुग्रंथी असते. चरबी समजून ती कापली तर डोळा कोरडा पडतो.

नकाशा हाती आल्यावर चरबी भरपूर काढली जाऊ लागली. काही वर्षांनी ते डोळे खोल गेलेले, आजारी दिसू लागले. म्हणून आता चरबी बेताने काढतात, आणि खालच्या पापणीत पुष्कळदा ती न काढता डोळ्याखालच्या खळग्यावर पसरवतात.

आजची आखणी रुग्णाला बसवूनच होते, कारण आडवं झालं की कातडी सरकते. खालची रेघ पापणीच्या घडीवर येते: केसांपासून बायकांत 8 ते 10 मिलिमीटर, पुरुषांत 6 ते 8. वरची रेघ चिमट्याने कातडी धरून ठरवतात. डोळा मिटलेलाच राहिला पाहिजे आणि केस किंचित वर वळले पाहिजेत. भुवईपासून केसांपर्यंत निदान 20 मिलिमीटर कातडी उरली पाहिजे. मग अ‍ॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) मिसळलेलं लिग्नोकेन हे भुलीचं औषध दर पापणीत दीड-दोन मिलिलिटर टोचतात आणि दहा मिनिटं थांबतात. ही दहा मिनिटं वाचवायला गेलं की रक्त जास्त येतं. पापणी उचलणारा स्नायूच ढिला असेल तर नुसती कातडी काढून डोळा उघडत नाही, हे आधीच तपासायला हवं.

पहिले 48 तास कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक एका वेळी दहा-पंधरा मिनिटं द्यायचा. उशाला दोन उशा घ्यायच्या, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी सूज सर्वांत जास्त दिसते आणि त्याच वेळी लोक घाबरतात. काळंनिळं गालावर उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत जातं. टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात, कॉन्टॅक्ट लेन्स दोन आठवड्यांनी घालता येतात. सुरुवातीला डोळा पूर्ण मिटत नाही, म्हणून थेंब आणि रात्री मलम चुकवायचं नाही. दोन्ही डोळे सारखे झाले की नाही, याचा निकाल तीन महिन्यांआधी लावू नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद करण्याचा निर्णय त्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा.

एक गुंतागुंत क्वचित होते, पण तिला वेळ देता येत नाही: डोळ्यामागे रक्तस्राव. एकाच डोळ्यात वाढती कळ, डोळा दगडासारखा कडक होऊन पुढे येणं, अंधुक दिसणं. मागच्या नसेवर दाब पडतो आणि तास-दीड तासात नजर कायमची जाऊ शकते. अशा वेळी टाके तिथल्या तिथे उघडून, गरज पडल्यास डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात छेद देऊन दाब मोकळा करतात. ही लक्षणं झाकली जाऊ नयेत म्हणून आता डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधत नाहीत. पहिल्या रात्री घरच्यांनी जागेपणी दर तासाला एकेक डोळा झाकायला लावून समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचून घ्यायच्या. एका डोळ्याने आकडे पुसट झाले, तर सकाळची वाट बघायची नाही.